आधी वही, मग फी

धंदा करणाऱ्याला मार्गदर्शक लागतो, यात शंका नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीत शेड टाकून बसलेल्या माणसाला मशीन कळतं, माल कळतो, पार्टीचा स्वभावही कळतो. पण पाच माणसांचा धंदा पंचवीस माणसांचा करताना काय बदलावं लागतं, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. हुपरीत चांदीचं काम करणारा, इचलकरंजीत माग चालवणारा, राजारामपुरीत दुकान असणारा, सगळ्यांची हीच गोष्ट. हिशेब सीएकडे, कर्ज बँकेकडे, आणि बाकीची चिंता रात्री उशाशी. अशा वेळी कुणातरी अनुभवी माणसाने शेजारी बसून ‘हे असं करून बघू या’ म्हणावं, असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे.

गरज खरी आहे म्हणूनच तिच्याभोवती गैरफायदा घेणारेही गोळा होतात. मोबाईल उघडला की नव्याण्णव रुपयांचं वेबिनार, हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवसांचं शिबिर, ‘बारा महिन्यांत टर्नओव्हर दहापट’ अशी जाहिरात. भारतात ‘बिझनेस कोच’ म्हणवून घ्यायला कोणताही परवाना लागत नाही. डॉक्टरला, वकिलाला, सीएला नोंदणी लागते. कोचला फक्त फलक लागतो. त्यामुळे पारख करण्याचं सगळं ओझं तुमच्या-आमच्यावर येतं.

ही पारख अवघड नाही. पहिली कसोटी एकच ठेवा: हा माणूस पैसे घेण्याआधी तुमच्या वह्या बघतो का? खरा मार्गदर्शक आधी तीन वर्षांचा ताळेबंद मागतो, येणी कुणाकडे किती दिवसांची आहेत ते विचारतो, शेडवर येतो, कामगारांशी बोलतो, आणि मग सांगतो की मला यात काय करता येईल आणि काय करता येणार नाही. कधीकधी तो सांगतो, ‘तुम्हाला माझी गरज नाही, चांगला अकाउंटंट ठेवा.’ खोटा कोच आधी फी घेतो आणि तुमचा धंदा कोणता हेही त्याला फॉर्मवरूनच कळतं. फाउंड्रीवाल्याला, केकवाल्याला आणि विमा एजंटला एकाच हॉलमध्ये एकच औषध देणारा माणूस तुमचा धंदा सुधारणार कसा?

कोल्हापूरला हे तालमीच्या भाषेत लगेच पटेल. वस्ताद पहाटे हौद्याशी उभा असतो. पोरगा कुठे कमी पडतो हे तो डोळ्यांनी बघतो, आणि एकाला जोर वाढवायला सांगतो, तर दुसऱ्याला खुराक. खासबागेत कुस्तीच्या दिवशी नुसतं भाषण ठोकून जाणाऱ्याला कुणी वस्ताद म्हणत नाही.

हॉलमध्ये काय घडतं

शिबिर म्हणजे फसवणूक असं मी म्हणत नाही. दोन दिवसांत चार चांगल्या गोष्टी कानावर पडतात, ओळखी होतात, मरगळ जाते. हजार-दोन हजारांत एवढं मिळालं तर तक्रार नाही. धोका दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुरू होतो, कारण ते शिबिर मुळात पुढचं महाग पॅकेज विकण्यासाठीच भरवलेलं असतं.

तो क्रम नीट ओळखून ठेवा. सकाळपासून मोठ्या आवाजात गाणी, टाळ्या, शेजाऱ्याच्या खांद्यावर हात. दुपारी वक्ता स्वतःच्या गरिबीची कहाणी सांगतो, काहींचे डोळे भरून येतात. मग व्यासपीठावर दोन-तीन ‘यशस्वी’ उद्योजक येतात. ते कोणत्या गावचे, कोणत्या फर्मचे, हे मात्र धड सांगितलं जात नाही. त्यानंतर पडद्यावर आकडा येतो, तो खोडला जातो, त्याखाली निम्मा आकडा येतो, आणि घोषणा होते की हा भाव फक्त या हॉलमध्ये, फक्त आज, पहिल्या वीस जणांना. मागच्या टेबलावर कार्ड स्वाइपचं मशीन तयार असतं. ‘घरी विचारून सांगतो’ म्हणणाऱ्याला सगळ्यांसमोर सुनावलं जातं की निर्णय घेता येत नाही म्हणूनच तू मागे राहिलास. बायकोला, भावाला किंवा सीएला विचारू नका असं जो सांगतो, त्याच्याकडे पुन्हा फिरकू नये. घरात विचारून निर्णय घेणं हा आपल्याकडच्या धंद्याचा कमकुवतपणा नाही. कर्जावर जामीनदार म्हणून सही घरच्यांचीच असते.

ही पद्धत इथलीच आहे असंही नाही. अमेरिकेत ‘ट्रम्प युनिव्हर्सिटी’ या नावाने जमीन-जुमल्याच्या धंद्याचे वर्ग चालत. सुरुवात फुकट सत्राने, मग १,४९५ डॉलरचं तीन दिवसांचं शिबिर, आणि वर ३४,९९५ डॉलरपर्यंतची ‘एलिट’ मेंटॉरशिप. शिक्षक खुद्द ट्रम्प यांनी निवडलेले आहेत हा दावा खोटा असल्याचं माजी विद्यार्थ्यांचं म्हणणं होतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये अडीच कोटी डॉलर देऊन याविरुद्ध भरलेले खटले मिटवण्यात आले. दोष मात्र मान्य केला गेला नाही. २०१८ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ‘माय ऑनलाइन बिझनेस एज्युकेशन’ या संस्थेवर कारवाई केली. एकवीस पायऱ्यांची यशाची पद्धत म्हणून ती ४९ डॉलरला दार उघडायची आणि मग हजारो डॉलरच्या सदस्यत्वांवर न्यायची. आयोगाच्या म्हणण्यानुसार त्या पद्धतीचा गाभा हाच होता की तेच सदस्यत्व आणखी लोकांना विकून कमिशन मिळवा.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण आपल्याकडेही तेच दिसतं. कोर्स घेतल्यावर काही दिवसांत ‘आता तुम्ही आमचे पार्टनर व्हा, दोन जण आणा, तुमची फी वसूल’ असा प्रस्ताव आला, तर तो धंद्याचा सल्ला उरत नाही. साखळी पद्धतीला आपल्याकडे १९७८ च्या कायद्याने बंदी आहे, आणि डिसेंबर २०२१ च्या थेट विक्री नियमांनीही पिरॅमिड योजना निषिद्ध ठरवल्या आहेत. आणि यात सर्वांत मोठं नुकसान पैशाचं होत नाही. तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून मेहुण्याने किंवा वर्गमित्राने पैसे भरले, की ते नातं पुन्हा पूर्वीसारखं राहत नाही. २०२२ मध्ये ए. एस. ट्रेडर्सचं गुंतवणूक प्रकरण उघड झालं, तेव्हा कोल्हापूरने हे पाहिलं आहे. ते कोचिंगचं प्रकरण नव्हतं, पण लोक तिथे गेले ते ओळखीच्या माणसाच्या शब्दावरच.

शेअर बाजार शिकवणाऱ्यांचंही असंच. डिसेंबर २०२५ मध्ये सेबीने कर्जतच्या अवधूत साठे ट्रेडिंग अकॅडमीवर अंतरिम आदेश काढला आणि सुमारे ५४६ कोटी रुपये गोठवण्यास सांगितलं. नोंदणी नसताना शिक्षणाच्या नावाखाली सल्ला दिला, आणि नफा झालेल्यांच्याच गोष्टी निवडून दाखवल्या, असा सेबीचा आक्षेप होता. आदेश अंतरिम आहे, त्याकडे अंतिम निकाल म्हणून पाहू नये. पण दुसरा मुद्दा कोणत्याही कोचला लागू होतो: जिंकलेल्यांच्या चित्रफिती दाखवणाऱ्याला ‘हरलेले किती?’ हा प्रश्न विचारायलाच हवा.

फीचा हिशेब आपल्या मार्जिनने करा

समजा तुमच्या मशीन शॉपची वर्षाची उलाढाल ८० लाख आहे आणि सगळं जाऊन हातात ८ टक्के उरतात. कोचची फी दीड लाख. ही फी नुसती भरून निघायची तर याच मार्जिनने १८ लाख ७५ हजारांचं जादा काम मिळायला हवं. जीएसटी धरला तर दीड लाखाचे १ लाख ७७ हजार होतात. नियमित नोंदणी असेल तर इनपुट क्रेडिट मिळेल, कंपोझिशनमध्ये असाल तर नाही. आता पुढचं बघा. तुमच्या पार्ट्या नव्वद दिवसांनी पैसे देत असतील, तर या जादा कामापैकी साडेचार लाखांहून अधिक रक्कम कायम येण्यांत अडकून राहणार. कच्चा माल मात्र रोखीने आणायचा. म्हणजे ‘विक्री वाढवा’ हा सल्ला मानून तुम्ही कॅश क्रेडिटच्या मर्यादेवर आपटू शकता, आणि वाढलेला धंदाच तुम्हाला अडचणीत आणू शकतो.

हा हिशेब कोचसमोर कागदावर मांडा. जाणकार असेल तर तो खुर्ची पुढे ओढून घेईल आणि म्हणेल, ‘मग विक्रीचं नंतर बघू, आधी नव्वदचे साठ दिवस कसे होतील ते बघू.’ तो तुमची उद्यम नोंदणी झाली आहे का विचारेल. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं, आणि सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते, हे त्याला माहीत असेल. वेळेत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा मिळत नाही, हेही तो सांगेल. आणि सत्तर टक्के काम देणाऱ्या पार्टीवर तक्रार ठोकणं व्यवहारात किती कठीण असतं हे जाणून, आधी दुसरं गिऱ्हाईक उभं करण्याची वाट तो दाखवेल.

खोट्या कोचला हा कागद आवडत नाही. ‘तुमचा माइंडसेट अजून लहान आहे’ असं उत्तर आलं, तर उठून या.

आधी आपलं दुखणं ओळखा

बहुतेक फसवणूक इथे टाळता येते. ‘धंदा वाढत नाही’ हे दुखण्याचं नाव नाही. कास्टिंगचं रिजेक्शन जास्त आहे का? मग वाळू, मोल्डिंग आणि पॅटर्न समजणारा फाउंड्री सल्लागार हवा. दोन भावांत कामाची वाटणी ठरत नाही का? मग कुटुंबाला मान्य असलेला वडीलधारा माणूस आणि भागीदारीचा करार करणारा वकील हवा. भाव काढताना वीज, घसारा, स्वतःचा पगार धरलाच जात नाही का? कॉस्ट अकाउंटंट हवा. चपलांना गिऱ्हाईक आहे, पण ऑनलाइन विकता येत नाही, तर ते काम येणारा मुलगा पगारावर ठेवलेला बरा. कोच लागतो तो या सगळ्यांच्या मध्ये: मालकाने स्वतः काय करायचं, काय सोडायचं, कुणावर सोपवायचं, ठरलेलं दर महिन्याला झालं की नाही, हे विचारणारा. हे काम मोलाचं आहे. ते करणारा माणूस नेहमी झगमगीत असतोच असं नाही. मोठ्या कारखान्यातून निवृत्त झालेला वर्क्स मॅनेजर, कर्जखाती हाताळलेला बँक अधिकारी, स्वतःचा धंदा मुलाच्या हाती देऊन मोकळा झालेला उद्योजक, अशी माणसं या जिल्ह्यात आहेत. म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार यांच्या पिढीने शिवाजी उद्यमनगर नावारूपाला आणलं, ते एकमेकांच्या वर्कशॉपमध्ये बघून, विचारून आणि करून शिकत. तो वारसा अजून संपलेला नाही, त्याचा उपयोग करा.

कागदी वजन तपासा

व्हिजिटिंग कार्डावर ‘भारत सरकार मान्यताप्राप्त’ असं असेल, तर कोणत्या खात्याची मान्यता, क्रमांक काय, ते विचारा. पुष्कळदा ते निव्वळ उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र असतं. ही नोंदणी मोफत आहे, स्वयंघोषणेवर मिळते, आणि ती कोचिंगच्या दर्जाबद्दल काहीही सांगत नाही. आयएसओ ९००१ चंही तसंच: कार्यपद्धती लिहून ठेवली आहे एवढंच त्यातून कळतं. वृत्तपत्रातला ‘पुरस्कार’ अनेकदा पैसे भरून घेतलेली पुरवणी असते. ‘दहा दिवसांत एमबीए’ अशा जाहिरातींबद्दल डिसेंबर २०२३ मध्ये एआयसीटीईने स्वतः जाहीर सूचना काढून सांगितलं होतं की एमबीए ही पदव्युत्तर पदवी आहे आणि मान्यतेशिवाय ती कुणालाही देता येत नाही.

इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनची प्रमाणपत्रं मात्र खरी असतात आणि त्यांच्या यादीत नाव शोधता येतं. एसीसीला किमान ६० तासांचं शिक्षण आणि १०० तासांचा अनुभव लागतो, पीसीसीला १२५ आणि ५००, तर एमसीसीला २०० आणि २,५००. प्रश्न विचारून माणसाला विचार करायला लावण्याचं कसब त्या कोचकडे आहे, असा या प्रमाणपत्राचा अर्थ. फाउंड्री कळते असा नाही. दोन्ही वेगळं तपासावं.

संस्थेचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकला की नोंदणी कधीची आणि चालू आहे की रद्द, ते कळतं. कंपनी असेल तर कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर स्थापनेची तारीख आणि संचालकांची नावं दिसतात. ‘वीस वर्षांचा अनुभव’ सांगणाऱ्याची फर्म दोन वर्षांपूर्वीची निघाली, तर आधीची अठरा वर्षं कुठे गेली ते विचारायला लाजू नका. आणि एक प्रश्न जरूर करा: तुमची कमाई धंदा करून होते की धंदा शिकवून? दुसरं उत्तर आलं तर माणूस लगेच वाईट ठरत नाही, पण मग त्याने ज्यांना शिकवलं त्यांच्या आकड्यांवरच सगळा भरवसा ठेवावा लागेल.

जुन्या गिऱ्हाइकांना भेटा

फोनवर नको, प्रत्यक्ष जा. कोचकडे तीन नावं मागा, पण दोन वर्षांपूर्वी काम संपलेली. आत्ता चालू असलेला माणूस उत्साहात असतो, त्याने नुकतेच पैसे भरलेले असतात आणि आपली निवड चुकली असं त्याला वाटून घ्यायचं नसतं. शक्य झालं तर मध्येच सोडून गेलेल्या एकाला स्वतः शोधून काढा. कोल्हापुरात हे कठीण नाही. उद्यमनगरातल्या चहाच्या गाड्यावर दोन माणसांना विचारलं, आपल्या सीएला आणि बँकेच्या शाखाधिकाऱ्याला विचारलं, की तिसऱ्या फोनला माणूस सापडतो. गोशिमा, स्मॅक, मॅक, कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, कोल्हापूर चेंबर या उद्योजकांच्या संघटनांतली जुनी मंडळी अशा बाबतीत मोकळेपणाने बोलतात, फक्त विचारणारा हवा.

भेटल्यावर ‘कसा आहे माणूस?’ असं विचारू नका. ‘चांगला आहे’ एवढंच उत्तर येईल. विचारा, कोणता आकडा बदलला? रिजेक्शन किती होतं, किती झालं? येणी किती दिवसांवर आली? स्वतः कोच किती वेळा आला आणि किती वेळा त्याचा नवशिका सहायक आला? त्याने कुठलं सॉफ्टवेअर, कर्ज देणारा एजंट किंवा जाहिरातवाला गळ्यात मारला का? आणि शेवटी, हे नाव मला दिल्याबद्दल तुम्हाला काही कमिशन आहे का? हा शेवटचा प्रश्न खटकतो, पण विचारावाच.

लिहून घ्या

करार दोन पानांचा असला तरी चालेल, पण त्यात नेमकं असावं: कोण येणार, महिन्यातून किती वेळा, कुठे, कोणत्या तीन आकड्यांवर काम होणार, फी दरमहा किती, आणि तीस दिवसांची सूचना देऊन दोघांपैकी कुणालाही थांबता येईल. वर्षाची फी एकदम भरू नका. ज्याला स्वतःच्या कामावर विश्वास आहे, तो महिन्याच्या महिन्याला फी घ्यायला तयार होतो. यशाची हमी देणाऱ्यापेक्षा हमी नाकारणारा जवळचा समजा, कारण धंद्यात बाजार, पाऊस, स्टीलचा भाव आणि पार्टीची मर्जी कुणाच्याच हातात नसते.

परतीची अट नीट वाचा. ‘शंभर टक्के पैसे परत’ खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की सगळी सत्रं हजर राहून, सगळा गृहपाठ वेळेत देऊन, तरी फायदा झाला नाही असं सिद्ध केल्यास. असे पैसे सहसा परत येत नाहीत.

गोपनीयतेचं कलम जॉबवर्क करणाऱ्यांनी विसरू नये. तुमच्याकडची ड्रॉइंग पार्टीच्या मालकीची असतात आणि ती बाहेर न देण्याचं तुम्ही त्यांना लिहून दिलेलं असतं. तोच कोच तुमच्या शेजारच्या शेडमध्येही जात असेल. दरपत्रक, गिऱ्हाइकांची यादी, ड्रॉइंग त्याच्या फोनमध्ये जाता कामा नयेत. बँकेचा पासवर्ड, ओटीपी, कोरे धनादेश, कंपनीत हिस्सा यांपैकी काहीही मागितलं तर बोलणं तिथेच संपवा. आणि फी नेहमी फर्मच्या खात्यातून, बिल घेऊन द्या. रोख मागणारा माणूस तुम्हाला पारदर्शक हिशेब शिकवू शकत नाही.

हप्त्यांबद्दल दोन शब्द. हॉलमध्ये ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणून जी सही घेतात, ती पुष्कळदा एखाद्या वित्तसंस्थेच्या कर्जावरची असते. कोर्स बंद पडला तरी हप्ता चालू राहतो आणि थकला तर सिबिल स्कोअर बिघडतो, म्हणजे उद्या खऱ्या मशीनसाठी कर्ज मागायला जाल तेव्हा अडाल. डिजिटल कर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार किमान एक दिवसाची माघारीची मुदत द्यावी लागते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या काळाचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. म्हणून भावनेच्या भरात सही झालीच, तर घरी आल्यावर त्याच रात्री कर्जाचे कागद उघडा.

पैसे भरण्याआधी फुकटचं बघा

ग्रामीण भागातल्या तरुणांना बँकांच्या स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत मोफत निवासी प्रशिक्षण मिळतं. कोल्हापुरात बँक ऑफ इंडिया ही संस्था चालवते. जिल्हा उद्योग केंद्रात पंतप्रधान आणि मुख्यमंत्री रोजगार निर्मिती योजनांची माहिती विनामूल्य मिळते; त्यासाठी कुणा ‘कोच’ला फाइलमागे टक्केवारी द्यायचं काही कारण नाही. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे वर्ग असतात. आणि कारखानदारांसाठी सर्वांत कमी वापरली गेलेली सोय म्हणजे केंद्राची लीन योजना. मार्च २०२३ मध्ये ती नव्या रूपात आली. त्यात उद्योगाला प्रत्यक्ष कारखान्यात येऊन मदत करणाऱ्या सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के भाग सरकार उचलतं. आपल्या असोसिएशनच्या कार्यालयात जाऊन याची चौकशी करायला अर्धा दिवस लागेल. दीड लाख भरण्याआधी तो अर्धा दिवस खर्च करा.

फसलात तर

आधी लेखी मागणी करा: ईमेल, आणि स्पीड पोस्टानेही. जाहिरात, माहितीपत्रक, व्हॉट्सअॅपवरची आश्वासनं, पैसे भरल्याच्या पावत्या, सगळ्याचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा, कारण ग्रुपमधून तुम्हाला काढलं की ते हाती राहत नाहीत. कार्डाने पैसे गेले असतील तर बँकेकडे चार्जबॅकची मागणी करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तिथे मराठीत बोलता येतं. बनावट लिंकवरून पैसे गेले असतील तर १९३० वर ताबडतोब, तासाभरात फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत फिरते.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय झाली: कोच दिल्लीचा असो की मुंबईचा, तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. अडचण एकच. व्यापारी हेतूने घेतलेली सेवा या कायद्याखाली येत नाही, असा बचाव समोरचा वकील हमखास घेतो आणि आयोग त्या सेवेचा मुख्य हेतू पाहतो. त्यामुळे दावा टाकण्याआधी स्थानिक वकिलाला कागद दाखवा. लेखी करार असेल तर दिवाणी न्यायालयाची वाट उघडी राहते. करार करण्याचा आग्रह वर धरला तो याचसाठी. सरळसरळ खोटं सांगून पैसे उकळले असतील तर तो फसवणुकीचा गुन्हा आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसांत तक्रार होऊ शकते. खोट्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाखांपर्यंत, आणि पुन्हा तेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकतं.

अशा प्रकरणांत लोक गप्प बसतात ते लाजेपोटी. एवढा व्यवहार करणारा माणूस, आणि याला कुणी गंडवलं, असं लोक म्हणतील ही भीती असते. त्या गप्प बसण्यावरच पुढचं शिबिर भरतं, आणि पुढच्या रांगेत बसतो तुमच्याच गल्लीतला एखादा तरुण, ज्याने नुकतंच पहिलं लेथ घेतलेलं असतं. तेव्हा तुमचे पैसे असे गेले असतील तर आपल्या असोसिएशनच्या किंवा चेंबरच्या पुढच्या बैठकीत कागद घेऊन उभे राहा आणि काय झालं ते, जेवढं सिद्ध करता येईल तेवढंच, सांगा. आणि ज्यांना खरा, प्रामाणिक मार्गदर्शक भेटला आहे, त्यांनी त्याचं नाव शेजारच्या शेडवाल्याला सांगण्यात कंजूषी करू नये.